एका प्रथिनाचा माग काढत पेशी शिका

पहिल्या वर्षी मी पेशीविज्ञानाचा अभ्यास तक्त्यांवर केला. डावीकडे अंगकाचं, म्हणजे पेशीतल्या एकेका भागाचं नाव, उजवीकडे कार्य. तक्ता तोंडपाठ होता. परीक्षेत प्रश्न आला: लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, निघालेल्या विकरावर (एन्झाइमवर) मॅनोज-6-फॉस्फेटची, म्हणजे तिथला पत्ता सांगणारी, खूण लागलीच नाही, तर ते कुठे जाईल? लायसोसोमवर मी पानभर लिहिलं असतं. विकर तिथे पोचतं कसं, यावर एक ओळ सुचली नाही. (ते बरंचसं पेशीबाहेर टाकलं जातं.) आता मी हा विषय शिकवते, आणि पहिल्या आठवड्यात कुणालाही तक्ता करू देत नाही.

त्याऐवजी एक प्रथिन निवडा. स्वादुपिंडाच्या पेशीत तयार होणारं पाचक विकर उत्तम. कोऱ्या कागदावर त्याचा प्रवास काढा: केंद्रकातून आलेला एमआरएनए (प्रथिनाचा निरोप), रायबोसोम (प्रथिन जोडणारं यंत्र), एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम (पटलांचं जाळं), गॉल्जी (प्रथिनांची वर्गवारी करणारा भाग), स्रावाची कणिका, पेशीपटल, बाहेर. प्रत्येक बाणाशी थांबून विचारा की पुढचा पत्ता या प्रथिनाला कुणी सांगितला. रायबोसोमपाशीच उत्तर मिळेल: प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या साखळीच्या सुरुवातीचा सिग्नल क्रम. तो कापून टाकला तर प्रथिन पेशीद्रवातच राहील. असं एकेक टप्पा मोडून पाहायची सवय लागली की परीक्षेतले बहुतेक अवघड प्रश्न ओळखीचे वाटू लागतात. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून तेच चित्र पुन्हा काढा आणि राहिलेलं लाल शाईने भरा. लाल शाई जिथे दिसेल तेवढंच वाचायचं.

मग विचारा, हे कळलं कसं? माझ्या मते खरा विषय इथे सुरू होतो. जेमिसन आणि पालाडे या पेशीशास्त्रज्ञांनी 1967 साली गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांना किरणोत्सारी ल्युसिन (प्रथिनांत जोडलं जाणारं एक अमिनो आम्ल) फक्त 3 मिनिटं दिलं, नंतर साधं. त्या 3 मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच खूण राहिली. ती खूण आधी खडबडीत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवर दिसली, पुढे 7 मिनिटांनी गॉल्जीच्या कडेला, आणि सुमारे दोन तासांनी स्रावाच्या कणिकांत. हे आकडे चित्रातल्या बाणांशेजारी लिहा. बाणाला वेळ मिळाली की प्रवास डोळ्यांसमोर घडतो, आणि मग तो क्रम घोकावा लागत नाही.

आकारमानासाठी सगळं दहा लाख पट मोठं करा, म्हणजे 1 नॅनोमीटरचा 1 मिलिमीटर. पटल साधारण 7 मिलिमीटर जाड, रायबोसोम अडीच सेंटिमीटरचा, मायटोकाँड्रियाची रुंदी अर्धा मीटर, आणि 20 मायक्रोमीटरची पेशी म्हणजे 20 मीटरचं दालन. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला या मापात 20 सेंटिमीटरहून जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत. रायबोसोम पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक का लागला, हे आता पाठ करायला नको. मी हे एकदा दोरी धरून मोजलं होतं. पटल किती पातळ असतं ते तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

पेशीविभाजनाच्या अवस्थांना इतका वेळ लागत नाही. दोन रंगांचे दोरे घ्या, एक रंग आईकडून आलेल्या गुणसूत्रांचा, दुसरा वडिलांकडून आलेल्यांचा, आणि समविभाजन व अर्धसूत्री विभाजन दोन्ही टेबलावर मांडून पाहा. एक संध्याकाळ पुरते.

एवढं झालं की स्वतःला असा प्रश्न घाला: फ्राय आणि एडिडिन या संशोधकांनी 1970 साली उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र जोडली. 37 अंशांवर दोघांच्या पटलातली प्रथिनं 40 मिनिटांत एकमेकांत मिसळली. थंडीत ती जवळजवळ जागच्या जागी राहिली. का? पुस्तक मिटलेलं ठेवून पाच ओळी लिहा, मगच पटलाचं प्रकरण उघडा.