कॉइलओव्हर बसवताय? मराठवाड्यातल्या रस्त्यांवर या चुका टाळा

गाडी थोडी बसकी दिसावी, वळणावर घट्ट राहावी, एवढ्यासाठीच बहुतेक जण कॉइलओव्हर, म्हणजे भोवती स्प्रिंग असलेला आणि उंची कमी-जास्त करता येणारा शॉकअप, घेतात. फक्त ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला ते चालून जाईल. पण रोज वाळूजला कंपनीत जाणाऱ्या, सणासुदीला गेवराई-माजलगावकडच्या गावाला निघणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या डांबराला लाटा येतात. अशा रस्त्यावर चाकाला वर-खाली व्हायला किती जागा उरली, यावरच सगळं ठरतं.

"किती खाली जाईल?" हा पहिला प्रश्न

आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि रस्ता यांतलं अंतर) साधारण १६० ते १७० मिमी असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे. गावाच्या वेशीवर लोकांनीच मुरूम-डांबर ओतून केलेला गतिरोधक त्याहून उंच असतो आणि रुंदीला हातभर. ६० मिमी खाली केलेल्या गाडीत पाच जण बसले की त्याच्यावर इंजिनखालचं ऑइल चेंबर घासणारच. रोजच्या गाडीला पाऊण ते एक इंच पुरे. काहींनी तर मूळ उंचीच ठेवावी. कॉइलओव्हरची उंची वरही करता येते, हे बरेच जण विसरतात.

उंची बदलण्याचे दोन प्रकार आहेत. स्वस्त किटमध्ये स्प्रिंगखालची रिंग फिरवून उंची कमी-जास्त होते. रिंग खाली घेतली की गाडी खाली येते, पण शॉकअपचा दांडा तेवढाच आत जातो आणि दणका घ्यायला उरलेली जागा कमी होते. दुसऱ्या प्रकारात खालचा ब्रॅकेटच आट्यांवर वर-खाली होतो आणि शॉकअपचा स्ट्रोक (दांडा आत-बाहेर व्हायची जागा) तसाच राहतो. पैसे जास्त पडतात, पण आपल्या रस्त्यांसाठी मी हाच घ्यायला सांगेन. मात्र ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे आत हवेत ते कंपनीने दिलेलं असतं. उंची वाढवायच्या नादात ती हद्द ओलांडली तर स्ट्रट, म्हणजे शॉकअप-स्प्रिंगचा जोड, निखळू शकतो.

जुन्या शॉकअपवर आट्यांची नळी चढवून मिळणारे 'युनिव्हर्सल' किट तर घेऊच नका. कडक स्प्रिंगला आवरण्याची ताकद कंपनीच्या शॉकअपमध्ये नसते.

स्प्रिंगचा आकडा न बघणं

खरा खेळ इथे आहे. समजा, पुढच्या एका चाकाच्या स्प्रिंगवर २८० किलो भार आहे. स्प्रिंग ४ किलो प्रति मिमीची असेल तर गाडी उभी असतानाच ती ७० मिमी दबते. म्हणजे चाक खड्ड्यात उतरताना तेवढं खाली जाऊ शकतं. तीच स्प्रिंग ८ किलोची घेतली की ३५ मिमीच उरतात. त्याहून खोल खड्डा आला की चाक हवेत लटकतं आणि पुढच्या कडेवर जाऊन आदळतं. ऊस गाळपाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्यांत हे दर मिनिटाला होतं. टायरला फुगा येतो, अलॉय वाकतो आणि बोल 'शॉकअप खराब निघाला' म्हणून शॉकअपला लागतो.

रिंग आवळली की गाडी कडक होते, असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळतं. सरळ दराच्या, म्हणजे कितीही दबली तरी कडकपणा तोच राहणाऱ्या, स्प्रिंगला हे लागू नाही. भार तोच असेल तर स्प्रिंग तेवढीच दबते. बदलते ती फक्त उंची.

किट घेताना इंजिनही सांगा. डिझेल गाडीचं नाक पेट्रोलपेक्षा जड असतं. परदेशातून आलेलं सेकंडहँड किट नेमक्या कुठल्या इंजिनाचं, हे विक्रेत्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

मागच्या सीटवरची माणसं आणि डिकीतलं पोतं

बहुतेक हॅचबॅकना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असतो. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात. त्यामुळे मागे कॉइलओव्हर म्हणून येते ती वेगळी स्प्रिंग, तिच्याखाली आट्यांची बैठक आणि स्वतंत्र शॉकअप. मागची उंची रिकाम्या गाडीत मापून ठरवली की फसगत ठरलेली. तुळजापूरला पाच जण निघाले, परतताना गावाकडून ज्वारीचं पोतं डिकीत टाकलं, की गाडी बंप स्टॉपवरच (शेवटचा दणका अडवणाऱ्या रबरावरच) टेकते. मग प्रत्येक सांधा थेट कमरेत. उंची ठरवताना मागे दोन माणसं आणि थोडं वजन ठेवूनच मापा. मापही जमिनीपासून घेऊ नका. टायरच्या हवेने ते बदलतं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप धरा.

हवेत लटकलेल्या चाकावर बोल्ट आवळणं

ही चूक फिटरची, भोगतो गाडीवाला. लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश आतून पिरगळून काम करतात. गाडी जॅकवर, चाक खाली लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला की बुश त्याच जागी धरला जातो. गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हलके लावा, चाकांवर वजन आल्यावर टॉर्क रेंचने आवळा. काम चालू असताना समोर उभे राहा. फिटरला थोडा राग आला तरी चालेल.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट. उंची बदलली की टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं) आणि कॅम्बर (चाकाचं उभ्याने झुकलेलं असणं) दोन्ही हलतात. हे टाळलं तर टायर आतल्या बाजूने झिजतो आणि बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणून काही शे किलोमीटरनंतर उंची आणि अलाइनमेंट पुन्हा तपासा. हेडलाइटची पातळीही बघून घ्या.

नॉब पूर्ण कडक करून ठेवणं

शॉकअपचा कडकपणा बदलणारा नॉब टप्प्याटप्प्याने, क्लिक-क्लिक फिरतो. ३२ क्लिक म्हणजे १६ पेक्षा दुप्पट चांगलं, असं काही नसतं. बऱ्याच एक-नॉबच्या किटमध्ये मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत किती वेगाने सुटते ते. तो फार कडक असेल तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी आपटते. फार मऊ असेल तर समृद्धीवर १२० च्या वेगात गाडी होडीसारखी डुलते. क्लिक पूर्ण कडकपासून मोजा, मऊ बाजूने सुरुवात करा, एका वेळी दोन क्लिक बदला. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. शेवटाला नॉब अडला की जोर लावू नका.

आवाज आला तर

स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग 'टंग' वाजली तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग बघा. छोट्या खड्ड्यात टकटक येत असेल तर आधी लिंक रॉड (गाडीचं झुकणं आवरणाऱ्या बारला जोडणारी दांडी) आणि वरचा नट तपासा. शॉकअपवर शंका शेवटी. पिलोबॉल (रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा) माउंटिंग असेल तर धुळीत ते लवकर ढिलं होतं. ट्रॅकवाल्यांना ते लागतं; रोजच्या गाडीला रबराचं माउंटिंग बरं. दांड्याभोवती तेलाचा ओला थर आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर मात्र सील गेलं.

आट्यांकडे वर्षभर कुणी बघत नाही. काळी माती रिंगच्या खाचेत भरते, वाळून दगड होते आणि मग ॲल्युमिनियमच्या रिंगवर छिन्नी-हातोडा चालतो. रिंगचे दात तुटले की उंची कायमची ठरली. पावसाळ्यानंतर नायलॉनच्या ब्रशने साबणपाण्याने धुवा, वर सिलिकॉन स्प्रे मारा. ऑइल लावू नका, त्यावर धूळ बसते.

कागद आणि जुने शॉकअप

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. सस्पेन्शनवरची वॉरंटी गेली असंच धरून चाला. किटचं सील किंवा एकच शॉकअप सुटा मिळतो का, दुरुस्ती कुठे होते, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. आणि कंपनीचे जुने शॉकअप-स्प्रिंग भंगारात देऊ नका. किट दुरुस्तीला गेलं की तेवढे दिवस गाडी त्यांच्यावरच चालवायची आहे.