बहुविश्वाचा अभ्यास करायचाय? आधी वही उघडा

मी फिजिक्स घेतलं ते बहुविश्वापायी. बारावीच्या सुट्टीत कुठंतरी वाचलं होतं की आपल्या प्रत्येक निर्णयागणिक जगाला फांदी फुटते. घरी तेव्हा मेडिकलवरून रोज वाद व्हायचे. डॉक्टर झालेली मी दुसऱ्या कुठल्या जगात आहेच, या विचाराचा मला फार आधार वाटला. बारामतीहून पुण्यात आले, टी.वाय.ला क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मॅडमना गाठून विचारलं, “मॅडम, जग नेमकं कधी फुटतं?”

मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. “इलेक्ट्रॉनचा स्पिन लिही. वर अधिक खाली. आता शेजारी यंत्र लिही, अजून काहीच न मोजलेलं. लाव श्रोडिंजरचं समीकरण. पुढची ओळ काय येते?”

स्पिन हा इलेक्ट्रॉनचा एक गुण; मोजला की ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढंच उत्तर येतं, पण मोजण्याआधी दोन्हींची बेरीज असू शकते. अशी अवस्था वेळेनुसार कशी बदलते, ते श्रोडिंजरचं समीकरण सांगतं. ओळ आली ती अशी: ‘स्पिन वर, यंत्र वर दाखवतंय’ अधिक ‘स्पिन खाली, यंत्र खाली दाखवतंय’.

“आता यंत्राकडे बघणारी तू पण लिही.”

तीही दोन पदांत गेली.

“यात समीकरण कुठं मोडलं का?”

“नाही.”

“मग फुटलं काय ते मला दाखव.”

फळ्यावर अवस्था एकच होती. तिच्यात दोन पदं होती आणि प्रत्येक पदात एकेक मी, आपल्यापुरतं एकच उत्तर पाहिलेली. घंटा झाली, मॅडम दुसऱ्या वर्गावर गेल्या. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि त्या दिवशी पुढच्या तासाला बसलेच नाही.

नव्यानं येणाऱ्यांना मी हेच आधी करायला सांगते. प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हीलर यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडलं ते मुळात एवढंच. पाठ्यपुस्तकात दोन नियम असतात: एरवी श्रोडिंजरचं समीकरण आणि मोजमाप झालं की ‘कोलॅप्स’, म्हणजे बेरजेतलं एकच पद उरणं. एव्हरेट म्हणाले, दुसरा नियम काढून टाका. यंत्र आणि निरीक्षक हेही त्याच समीकरणात घाला. त्यांनी याला ‘सापेक्ष अवस्था’ म्हटलं होतं. ‘अनेक जगं’ हे नाव रुळलं ते १९७० च्या दशकात, ब्राइस डिविट यांच्यामुळे. माझ्यासारखी कितीतरी मुलं त्या नावापासून सुरुवात करतात आणि म्हणूनच वाट चुकतात. सकाळी चहा घेतला की कॉफी, यानं काही ठरत नाही. फांद्या वेगळ्या होतात त्या सूक्ष्म सुपरपोझिशन (ती ‘वर अधिक खाली’ बेरीज) मोठ्या वस्तूंमध्ये पसरते तेव्हा, मग तिथं माणूस असो वा नसो. डॉक्टर झालेल्या मला मी त्या वर्षी निरोप दिला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढची पायरी डिकोहिरन्सची, म्हणजे फांद्या एकमेकींपासून सुट्या होण्याची. त्या दोन पदांची एकमेकांत ढवळाढवळ का दिसत नाही, याचं उत्तर डीटर त्से यांनी १९७० मध्ये आणि झुरेक यांनी १९८० च्या दशकात दिलं: हवेचे रेणू, प्रकाश, आसपासचं सगळं त्या अवस्थेत गुंतत जातं. हे वाचून कळत नाही. दोन गुंतलेले स्पिन घ्या, डेन्सिटी मॅट्रिक्स (अवस्थेचा आकड्यांचा तक्ता) मांडा, एका स्पिनवर पार्शल ट्रेस घ्या, म्हणजे तो हिशेबातून वगळा, आणि कर्णाबाहेरची, ढवळाढवळ दाखवणारी पदं स्वतःच्या हातानं शून्य होताना बघा. त्यासाठी टेन्सर प्रॉडक्ट, म्हणजे दोन अवस्था एकत्र मांडायची रीत, पक्का हवा. एस.वाय.ची लिनिअर अल्जिब्रा मी फक्त पास होण्यापुरती केली होती. त्यापायी दोन महिने जयकर ग्रंथालयात बसून ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

पुण्यात राहणाऱ्यांना एक मोठी सोय आहे. विद्यापीठाचं आवार, तिथली खगोलशास्त्राची संस्था आयुका, पाषाणची विज्ञान संस्था आयसर, सगळं एका बसच्या अंतरावर. सेमिनारला बसू का, असं सरळ मेल करून विचारा. मला बहुतेक वेळा हो म्हणाले. एम.एस्सी.साठी जॅम, पुढे नेट, जेस्ट, गेट या परीक्षा तुम्हाला ठाऊक असतीलच.

पण पीएच.डी.च्या अर्जात विषय म्हणून ‘बहुविश्व’ लिहू नका. मी लिहिला होता. एका प्राध्यापकांनी अर्ज परत करताना म्हटलं, “हे निवृत्तीनंतर करा.” फार लागलं तेव्हा. आता वाटतं, विषयाबद्दल ते चुकत होते, वाटेबद्दल नाही. एव्हरेट स्वतः प्रबंधानंतर विद्यापीठात राहिले नाहीत. पेंटॅगॉनच्या संशोधनात गेले आणि १९८२ साली ५१ व्या वर्षी वारले. आज ओपन क्वांटम सिस्टिम्स (परिसराशी गुंतलेल्या क्वांटम व्यवस्था) किंवा क्वांटम इन्फर्मेशन या दारानं आत गेलात तर याच समीकरणांवर रोज काम करता येतं. २०२३ मध्ये केंद्रानं नॅशनल क्वांटम मिशनला सहा हजार कोटींवर रक्कम मंजूर केली, तेव्हा जागाही निघतायत.

आता एक गणित देते. हे केल्याशिवाय आपल्याला बहुविश्व कळलं असं समजू नका. ‘वर’ येण्याची शक्यता ०.९ आणि ‘खाली’ची ०.१ असे इलेक्ट्रॉन घ्या. दहा इलेक्ट्रॉन एकामागून एक मोजा. दर वेळी दोन फांद्या, म्हणजे एकूण १०२४. त्यातल्या २५२ फांद्यांत पाच वर, पाच खाली. नऊ किंवा दहा ‘वर’ असलेल्या फांद्या फक्त ११. आता बॉर्नच्या नियमानं प्रत्येकीचं वजन काढा, म्हणजे त्या फांदीतल्या दहाही उत्तरांच्या शक्यतांचा गुणाकार करा. त्या ११ फांद्यांचं मिळून वजन भरतं जवळपास ७४ टक्के, आणि त्या २५२ फांद्यांचं मिळून ०.१५ टक्के. प्रयोगशाळेत दिसतं ते वजनाप्रमाणे, फांद्यांच्या संख्येप्रमाणे नाही. पण सगळ्याच फांद्या घडत असतील तर वजनाला शक्यता का म्हणायचं? भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी १९९९ मध्ये निर्णयशास्त्राच्या (शहाण्या माणसानं पर्याय कसा निवडावा, या शास्त्राच्या) वाटेनं उत्तर दिलं. ते कित्येकांना पटतं, कित्येकांना त्यात जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरल्यासारखं वाटतं. मी अजून दुसऱ्या बाजूला आहे.

पीएच.डी.च्या मुलाखतीत मी हेच गणित फळ्यावर मांडलं. पॅनेलमधल्या एका सरांनी विचारलं, “म्हणजे त्या अकरा खऱ्या आणि बाकीच्या १०१३ खोट्या?”

“नाही सर,” मी म्हटलं, “सगळ्या तितक्याच खऱ्या. माझी अडचण तीच आहे.”

ते खुर्ची ओढून फळ्याजवळ आले आणि म्हणाले, “बरं, मग त्या २५२ पैकी एक फांदी घे. तिथल्या तुझ्या वहीत काय लिहिलेलं असेल?”