गरोदरपणातली जळजळ: या चुका टाळा

सातवा महिना लागला की अनेकींना आडवं होणंच नकोसं होतं. पाठ टेकली की आंबट पाणी घशाशी! प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, त्यात वाढतं गर्भाशय जठर वर ढकलतं. हा त्रास बहुधा बाळंतपणानंतर आपोआप जातो. गडबड होते ती उपायांनी.

त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे मिठाचं कोमट पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त पाडणं. तासभर हलकं वाटतं, म्हणून सवय लागते. पण वर येणाऱ्या आम्लाने अन्ननलिकेची आग वाढते, दातांचं आवरण झिजतं. उलटी आपोआप झालीच, तर साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश लगेच नको.

खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी पावडर रोज घेणंही नको. त्यात सोडियम भरपूर; बीपी किंवा अंगावर सूज असेल तर अजिबात नाही.

डॉक्टरांनी अँटासिड दिलं असेल, तर ते आणि लोहाची गोळी एकत्र गिळू नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. जळजळ होते म्हणून लोहाची गोळी परस्पर बंद करणं तर त्याहून महागात पडतं. वेळ बदलू का, हे विचारा.

डोक्याखाली उशांची चळत रचली की कंबरेत वाकून पोट उलट दाबलं जातं. त्याऐवजी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५-२० सेंटिमीटर उचला, आणि डाव्या कुशीवर झोपा.

आता संकष्टी. दिवसभर उपाशी, चंद्रोदय बऱ्याचदा नऊनंतर, मग भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. जळजळीला आणखी काय हवं? हे काही महिने उपास सोडलेला बरा (बाप्पा रागावत नाही). एरवीही ‘दोन जिवांचं खा’ हा आग्रह बाजूला ठेवून थोडं थोडं खा आणि झोपेच्या तीन तास आधी जेवा.

मात्र विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखत असेल, किंवा डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्या-हातांवर सूज यांपैकी काही असेल, तर पित्त समजून सकाळची वाट पाहू नका. बीपी आणि लघवी त्याच वेळी तपासून घ्या.