माशाच्या कानातले खडे: आधी बाजारातले, मग ४ कोटी वर्षांपूर्वीचे

घोळीच्या डोक्याचं कालवण ज्यांनी खाल्लंय त्यांना माहितीये, चोखता चोखता मधेच दाताखाली टणक काहीतरी येतं, काढून ताटाच्या कडेला टाकलं की टक्क वाजतं. तोच ओटोलिथ. लोक कानाचं हाड म्हणतात पण हाड नाहीच ते, शिंपल्यासारखं कॅल्शियम कार्बोनेट आहे, मासा वाढतो तसतसे त्यावर थर चढत जातात. मासा मरतो, काटे विखरून जातात, खडा मात्र चिखलात दबून राहू शकतो. मी सध्या इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ राहतो, तिथून बार्टन-ऑन-सीचा किनारा जवळ आहे, आणि तिथल्या करड्या चिकणमातीत साधारण ४ कोटी वर्षांपूर्वीचे असे खडे मिळतात. बरेच जण विचारतात कसे शोधतोस म्हणून हे लिहितोय.

आधी किनाऱ्यावर जाऊच नका, मासळी आणा. सीरियसली. ढोमा, बांगडा, सुरमई, शिंगाळा, जे मिळेल त्याची डोकी उकळा आणि कवटीत मेंदूच्या मागच्या खालच्या बाजूला सुईने सावकाश उकरा. प्रत्येक कानात तीन खडे असतात, सॅजिटा, लॅपिलस आणि अॅस्टेरिस्कस, म्हणजे एका माशाचे सहा. बहुतेक समुद्री माशांत सॅजिटा सगळ्यात मोठा, पण शिंगाळ्यात उलटं, त्याचा लॅपिलस मोठा आणि भिंगासारखा फुगीर. माशाच्या साइझवर तर अजिबात जाऊ नका. एवढी मोठी सुरमई आणि तिचा खडा बघितला तर काडीच्या तुकड्याएवढा, पोहण्यात पटाईत माशांचं बऱ्याचदा असंच असतं, आणि हातभरही नसलेल्या ढोम्याचा खडा बघा, कसला जाडजूड. धुऊन, वाळवून, प्रत्येकाला नाव लावून ठेवा. पुढे हेच कामाला येतात, फोटो नाही.

आता किनारा. ओहोटीची वेळ बघून जायचं, भरती यायच्या आत परत. बार्टनचा कडा सतत घसरतो, त्याखाली उभं राहायचं नाही आणि वरून आलेल्या ओल्या चिखलात पाय घालायचा नाही, गुडघ्यापर्यंत रुततो (माझा एक बूट अजून तिथेच आहे). जागा संरक्षित आहे, त्यामुळे कडा खणायचा नाही, खाली घसरून पडलेलंच उचलायचं. ज्या ढेकळात पांढरे, धड शिंपले दिसतात तेच घ्या. कारण सोपं आहे, खडा आणि बरेचसे शिंपले दोन्ही अॅरागोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटचाच एक प्रकार), जिथे शिंपल्यांचा नुसता ठसा उरलाय तिथे खडाही विरघळून गेलेला असणार. चारपाच किलो माती पुरे. पिशवीवर जागा, तारीख आणि ढेकूळ नेमकं कुठल्या थराचं वाटलं ते तिथेच लिहा, घरी आल्यावर आठवत नाही.

घरी आल्यावर माती लगेच पाण्यात टाकायचा मोह होतो, तो आवरा. आधी खडखडीत वाळवा, इथे थंडीत रेडिएटरजवळ आठवडा लागतो. मग बादलीत गोड्या पाण्यात सोडा, वाळलेलं ढेकूळ बुडबुडे सोडत आपोआप फुटतं, ओलं टाकलं तर दोन दिवसांनीही गोळाच राहतो. मग चाळा. मी रव्याची चाळणी वर आणि मैद्याची खाली लावतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या वरचं राहिलं पाहिजे. घासायचं नाही, नुसतं पाण्यात हलवायचं. गाळ सिंकमध्ये ओतू नका!! पहिल्या वेळी मी ओतला, पाइप तुंबला, प्लंबरचं बिल आणि घरातली बोलणी दोन्ही मला. आणि व्हिनेगर, लिंबू, कुठलंही अॅसिड चुकूनसुद्धा नाही, खडा फसफसून जातो.

वाळलेली रेती काळ्या कागदावर थोडी थोडी पसरा, १० पट भिंग आणि ओला बारीक ब्रश घ्या. फसवणारे खूप असतात, शिंपल्याच्या बिजागरीचे तुकडे तर सारखेच. खऱ्या खड्याची खूण म्हणजे एका बाजूला लांबीच्या दिशेने गेलेली खाच, तिला सल्कस म्हणतात. ही बाजू माशाच्या आतल्या अंगाला, बहुतेक वेळा किंचित फुगीर आणि गुळगुळीत, बाहेरची बाजू खडबडीत. बहुतेक खडे ५ मिलिमीटरच्या आतले, क्रीम ते तपकिरी, म्हणजे घोळीचा आठवून मोठा शोधायला गेलात तर रिकामे परत याल.

ओळखताना नाव नंतर, खाच आधी. खाच आपल्याकडे, पाठीची कड वर अशी धरा. पुढचं टोक म्हणजे रोस्ट्रम, ते उजवीकडे आलं तर खडा डाव्या कानातला, डावीकडे आलं तर उजव्या. खाचेचा पुढचा भाग ऑस्टियम, मागचा कॉडा. आता घरचा ढोमा शेजारी ठेवा, ऑस्टियम रुंद आणि कॉडा बारीक, वळलेली, थेट बेडकाच्या पिल्लासारखी. बार्टनला जे वामच्या लांबच्या नातलगांचे मिळतात त्यांत खाच उथळ असते आणि पुढून एक बारीक वाट सरळ वरच्या कडेकडे जाते. हे एकदा हातात बघितलं की विसरत नाही. उजेड तिरका पाडा, टेबललॅम्प वरून लावला तर खाच दिसतच नाही आणि आपण चांगला खडा कचऱ्यात टाकतो.

झिजलेले आणि अगदी पिल्लांचे खडे सोडून द्या, त्यांवर खुणाच उमटलेल्या नसतात, ओढूनताणून जातीचं नाव लावण्यात अर्थ नाही. मी माझ्या डब्यांवर बऱ्याच वेळा फक्त कुळ लिहितो आणि पुढे प्रश्नचिन्ह. नागपूरच्या टाकळीत डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, थरांमधल्या गाळातूनही असे खडे अभ्यासकांनी नोंदवलेत, ते तर डायनासोरच्या शेवटच्या काळातले.

ठेवायला प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या बऱ्या, ओक लाकडाचं कपाट नको, त्यातून सुटणाऱ्या अॅसिटिक अॅसिडच्या वाफेने खड्यावर पांढरी भुकटी येते. आणि दोन जागांचे खडे एका डबीत कधीच नाही, मी ठेवले होते, आता त्यातला बार्टनचा कुठला हे मलाच सांगता येत नाही.