आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला कसं जपायचं?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बीड, जालना, परभणीहून आलेली माणसं सतरंजी टाकून आठ-आठ दिवस काढतात. झोप उडते, छाती धडधडते, फोन वाजला की दचकायला होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं दोन मिनिटांत डोक्यातून जातं. हे ताणामुळे होतं. पेशंटच्या घरच्यांच्या या त्रासाला 2012 पासून वैद्यकशास्त्रात वेगळं नावही आहे.

आधी पाळ्या लावा. बारा-बारा तासांच्या, दोन माणसांच्या. थोरला मुलगा किंवा बायको जागची हलत नाही, इथंच गाडं अडतं. "घरी जा" म्हटल्यानं कुणी जात नाही; "रात्री तुलाच बसायचंय, आता झोप" म्हटलं की जातात.

डॉक्टरांशी रोज एकानंच बोलावं, हातात वही घेऊन. कालच्यापेक्षा काय बदललं? आज काय करणार? जास्त काळजी कशाची? उत्तरं तारखेसह लिहा आणि "म्हणजे असं ना?" म्हणून आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा, गैरसमज तिथंच कळतो. पाव्हण्यांना संध्याकाळी एकच मेसेज. नाहीतर तेच दुःख दिवसातून चाळीसदा सांगावं लागतं, आणि माणूस त्यानंच जास्त खचतो.

आत जाणाऱ्याला आधी सांगून ठेवा: श्वासाची नळी उपसू नये म्हणून पेशंटचे हात मऊ पट्टीनं बांधलेले असू शकतात, नळीमुळे त्याला बोलता येत नाही. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेली चिमटी सरकली तरी मॉनिटर वाजतो. शुद्धीवर येताना पेशंट भलतंच बडबडतो, बायकोलाही ओळखत नाही. हा आजारातला भ्रम असतो, बहुतेकदा तो उतरतो. वाद घालू नका. हात धुऊन त्याचा हात धरा, नाव, वार, ठिकाण सांगा, चष्मा लावा.

पैशाची धास्ती झोप खाते. रुग्णालय सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत असेल तर पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, गाठा. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षकांनाही भेटा.

उपचार कुठवर न्यायचे हे ठरवायची वेळ आली, तर एकट्या लेकाला "तू सांग" म्हणू नका. ते ओझं तो वर्षानुवर्षं वाहतो. सगळ्यांनी बसून विचारा, "आण्णांना स्वतःला काय हवं होतं?"

सुट्टी झाल्यावर किंवा माणूस गेल्यावर महिनाभरानंही झोप नसेल, तेच दृश्य डोळ्यांपुढं येत असेल, तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. तो स्वतःहून फोन लावणार नाही. नंबर तुम्ही लावा, फोन त्याच्या हातात द्या आणि जवळ बसून राहा.