डायलिसिसच्या खोलीत मास्क मागायचा कसा
आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, नौपाड्यातल्या एका सेंटरमध्ये. एसीपायी खिडक्या बंद आणि शेजारच्या खाटेवर खोकला. सुरुवातीला मी भांडले, ते फुकट गेलं. आता सिस्टरना गर्दी नसताना गाठते: "ताई, आईची प्रतिकारशक्ती कमी आहे, सुई लावताना हा घालाल?" आणि पिशवीतून कोरा एन९५ मास्क पुढे करते. सर्जिकल मास्कला गालापाशी फट राहते. एन९५ ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण नाकावरची पट्टी नीट दाबली तरच.

मग इनचार्जना लेखी अर्ज. मागणी एकच ठेवा: दोन शिफ्टच्या मध्ये खिडक्या उघडा. टीबी हवेतून पसरतो, हे त्यात घालाच. प्रतीवर पोच घ्या. आमच्याकडे आता दोन खिडक्या उघडतात. तिसरीची खिटी गंजलीय, तेलाची बाटली मीच नेणार आहे.