कॉक्रोचडीबी २३.१ वरून २३.२ ला नेताय? आधी लॉक लावा

कॉक्रोचडीबी म्हणजे अनेक मशीनवर (नोडवर) पसरून एकत्र क्लस्टर म्हणून चालणारा डेटाबेस. बॅकअप घ्या, यावर जास्त बोलत नाही. फक्त एवढंच की नव्या व्हर्जनवर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर रिस्टोअर होत नाही, तेव्हा अपग्रेडच्या आधीचा फुल बॅकअप बाजूला ठेवा आणि रिटेन्शनच्या (जुने बॅकअप आपोआप पुसण्याच्या) नियमात तो उडून जाणार नाही ते बघा.

आता खरं काम, जे मागच्या वेळी माझ्याकडून राहिलं. प्रिझर्व्ह डाउनग्रेड ऑप्शन नावाचं क्लस्टर सेटिंग आहे (लॉक म्हणतोय ते हेच), ते पहिल्या नोडला हात लावायच्या आधी '२३.१' वर सेट करा. आधी म्हणजे आधी, 'दोन नोड झाले की करतो' असं नाही. सगळ्या नोडवर नवी बायनरी (डेटाबेसचा प्रोग्राम) आली की क्लस्टर कुणाला न विचारता अपग्रेड फायनलाइझ, म्हणजे पक्कं, करून टाकतं, आणि मग जुनी बायनरी लावून मागे फिरता येत नाही. उरतो तो बॅकअप, म्हणजे बॅकअपनंतर आलेल्या सगळ्या ऑर्डरी, पेमेंटं, जे काय असेल ते गेलं. शेवटचा नोड वर आला, आपण चहाला गेलो, परत येऊन बघतो तर एक क्वेरी भलताच प्लॅन घेऊन बसलीय, आणि रोलबॅकचा रस्ता तेवढ्यात बंद झालेला. सेट केल्यावर शो कमांड देऊन परत वाचा. टीममधल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा.

त्याच वेळी क्लस्टरचं व्हर्जन सेटिंगही बघा. बायनरी २३.१ ची आणि सेटिंग अजून २२.२ दाखवतंय असं असेल तर मागचं अपग्रेड कुणीतरी अर्धवट सोडलंय, ते आधी फायनलाइझ करा, नाहीतर २३.२ चा नोड चालूच होणार नाही. २२.२ वरून थेट २३.२ वर उडी मारता येत नाही.

त्याआधी २३.१ चाच शेवटचा पॅच घ्या आणि थोडे दिवस चालू द्या. बग फिक्सेस तिथे येतात आणि पॅचला फायनलाइझचं झंझट नसतं. रिलीज नोट्समधला बॅकवर्ड इनकम्पॅटिबल बदलांचा भाग पूर्ण वाचा, बाकीचा चाळला तरी चालेल. टेक्निकल अ‍ॅडव्हायजरी वेगळ्या असतात, त्याही वाचा, कारण चुकीचे रिझल्ट देणारे बग कुठल्या पॅचपासून कुठल्या पॅचपर्यंत होते ते तिथे लिहिलेलं असतं. आणि लायसन्स! २०२४ च्या शेवटी धोरण बदललं, तेव्हापासून जुन्या सिरीजच्या उशिराच्या पॅचमध्येसुद्धा लायसन्स की नसेल तर मुदत संपल्यावर क्लस्टर एका वेळी ५ ट्रान्झॅक्शनवर येतं. 'पॅचच तर आहे' म्हणून गाफील राहू नका.

डेटा रेंज नावाच्या तुकड्यांत ठेवलेला असतो; अंडर-रेप्लिकेटेड (प्रती कमी पडलेल्या) आणि अनअव्हेलेबल (वापरता न येणाऱ्या) रेंज दोन्ही शून्य हव्यात. डीफॉल्टला प्रत्येक रेंजच्या ३ रेप्लिका (प्रती) असतात, एक नोड आधीच मेलेला असताना तुम्ही दुसरा बंद केलात की काही रेंजचा कोरम (प्रतींचं बहुमत) गेलाच समजा. अर्धवट डीकमिशन केलेला (क्लस्टरमधून पूर्ण न काढलेला) नोड असेल तर तो निस्तरा. डिस्कवर मोकळी जागा ठेवा. शो जॉब्समध्ये स्कीमा चेंज (टेबलच्या रचनेतला बदल) अडकलाय का बघा, आणि अर्धे नोड जुने अर्धे नवे असताना कुणी नवीन इंडेक्स टाकायला घेऊ नये, हे ग्रुपवर आधीच सांगा, नंतर भांडण्यात अर्थ नाही.

नोड बंद करताना ड्रेन होऊ द्या (हातातली कामं संपवू द्या), किल मायनस नाइन (जबरदस्तीने मारणं) नको. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारं) डीफॉल्टला ९० सेकंदांनी मारून टाकतं, ते वाढवा, कुबरनेटीसमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या सिस्टममध्ये) ग्रेस पीरियड ३०० सेकंद ठेवा. लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक रेडी वाल्या एंडपॉइंटवर हवा, नुसता पोर्ट उघडा आहे का बघून उपयोग नाही, कारण ड्रेन होत असतानाही पोर्ट उघडाच असतो.

कुबरनेटीसवाल्यांनो, स्टेटफुलसेटची इमेज बदलली की तो एकामागून एक सगळे पॉड स्वतःच फिरवतो, मध्ये थांबून तुम्हाला विचारत नाही. म्हणजे लॉक नसेल तर इमेज बदलली तिथूनच फायनलाइझपर्यंतची गाडी सुटली. पार्टिशन लावा, म्हणजे तुम्ही ठरवाल तेवढेच पॉड फिरतील. स्क्रिप्टने करत असाल तर स्क्रिप्टची पहिली ओळ लॉकची, आणि लॉक दिसला नाही तर स्क्रिप्टने तिथेच मरावं.

एका वेळी एकच नोड. वर आला की मिनिटभर थांबा, रेंज बघा, मग पुढचा. शेवटच्या नोडच्या आधी लॉक परत एकदा बघा. हो, परत.

मग रात्रीचे बॅच, रिपोर्ट, चेंजफीड (डेटातले बदल बाहेर पाठवणारे जॉब) सगळं एकदा होऊन जाऊ द्या. ठीक वाटलं की लॉकचं सेटिंग रीसेट करा, मायग्रेशनचे जॉब संपेपर्यंत बघत बसा. लॉक महिनोन्‌महिने ठेवू नका, पुढचं अपग्रेड अडेल. शेवटी व्हर्जन सेटिंग २३.२ दाखवतंय ना बघा, झालं.